डेकमधली शिट्टी

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरच्या कळंब्याहून बिद्री, मुदाळ तिट्ट्याकडे जाणाऱ्या गारगोटी रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. ट्रॅक्टर नजरेस पडायच्या आधी त्यावरचं गाणं ऐकू येतं. त्या आवाजाचा रस्त्याकडेच्या घरांना त्रास होतो आणि तो कमी व्हायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती गाणी वाजवणारी खोकी कोण जोडतं, कशी जोडतं, हा मला कायम कुतूहलाचा विषय वाटत आला आहे. सीटखालच्या पेटीतला अॅम्प्लिफायर, फोनचं गाणं घेणारं ब्लूटूथचं मॉड्यूल आणि बॅटरीवरून घेतलेल्या दोन वायरी, एवढ्या सामानात विद्युतशास्त्राचे निम्मे धडे येऊन जातात. शाळेच्या पुस्तकात ते धडे कोरडे वाटतात. गाणं वाजायला हवं असलं की तेच धडे पोरं आपणहून शिकतात.

आपल्याकडच्या स्वस्त अॅम्प्लिफायर किटांत एक आयसी वर्षानुवर्षं हमखास सापडत आला आहे, तो म्हणजे सान्यो कंपनीचा एलए ४४४०. छंद म्हणून इलेक्ट्रॉनिक्स करणाऱ्यांमध्ये नुसतं ‘चव्वेचाळीस चाळीस’ म्हटलं तरी पुरतं. चौदा पायांचा हा आयसी गाडीच्या स्टिरिओसाठीच बनवलेला. त्याच्या माहितीपत्रकात १३.२ व्होल्टवर दोन चॅनेलना प्रत्येकी ६ वॅट, आणि दोन्ही चॅनेल एकत्र जोडले तर १९ वॅट, असे आकडे दिलेले आहेत. हे आकडे कुठून येतात ते कागदावर काढून बघण्यासारखं आहे. एका चॅनेलला स्पीकर पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजपर्यंतच, म्हणजे ६.६ व्होल्ट वर आणि तेवढाच खाली, हलवता येतो. चार ओहमच्या स्पीकरवर त्याचे साधारण ५.४ वॅट होतात. माहितीपत्रकातले ६ वॅट हे आवाज थोडा फाटू देऊन, म्हणजे १० टक्के विकृती धरून मोजलेले असतात. दोन चॅनेल जोडून स्पीकर दोन्ही बाजूंनी ढकलला की व्होल्टेज दुप्पट आणि शक्ती चौपट होते. गणितात ती २१.८ वॅट भरते, पण आतल्या ट्रान्झिस्टरमध्ये थोडे व्होल्ट खर्ची पडतात.

हेच गणित गाडीच्या डेकवर छापलेल्या ‘५० वॅट × ४’ या आकड्याला लावून पाहा. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्ट धरले, तर चार ओहमवर स्वच्छ सूर जास्तीत जास्त २६ वॅटचा निघतो. ५० चा आकडा येतो तो सूर पूर्ण फाटून चौकोनी लहर झाली तर. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८. खोक्यावर खोटं काही छापलेलं नाही, पण त्या आकड्यावर गाणं ऐकता येत नाही.

आता मूळ कामाकडे येतो. ते ट्रॅक्टरपेक्षा लहान आणि शांत आहे. जुन्या गाडीतल्या चांगल्या चालणाऱ्या डेकला फोन जोडायचा.

मारुती ८०० पहिल्यांदा विकली गेली १४ डिसेंबर १९८३ रोजी आणि तिचं उत्पादन थांबलं जानेवारी २०१४ मध्ये. पिंपरीची इंडिका १९९८ ची, नाशिकची बोलेरो २००० ची. एमएच ०९ पाटीच्या अशा कितीतरी गाड्या कोल्हापूर परिसरात अजून रोज रस्त्यावर आहेत. त्यांतल्या अनेकांच्या डॅशबोर्डमध्ये १८० बाय ५० मिलिमीटरच्या खाचेत बसवलेला कॅसेटचा किंवा सीडीचा डेक आहे. अॅम्प्लिफायर ठणठणीत, रेडिओ चालतो, फक्त फोनची पिन घालायला जागा नाही. दुकानात गेलं की नवा डेक घ्यायला सांगतात. ते कामही सोपं असतं. पण आवाजाची खरी मेहनत करणारा सगळा भाग शाबूत असताना केवळ एका छिद्रापायी डेक भंगारात काढणं मला पटत नाही.

डेक न उघडताही दोन मार्ग आहेत. एक, एफएम ट्रान्समीटर. सिगारेट लायटरच्या खाचेत बसणारं हे बोटभर यंत्र गाडीतच एक छोटं रेडिओ केंद्र उभं करतं. अडचण अशी की त्याला मोकळी जागा लागते. कोल्हापुरात ९४.३, ९८.३, १०२.७ अशी केंद्रं आधीच बसलेली आहेत. त्यांच्या मधली जागा निवडली तरी घाट उतरून कोकणात गेलं की तिथं दुसरंच केंद्र डोकं वर काढतं. शिवाय एफएम प्रसारणात १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज कापलेला असतो आणि पाठीमागे एक बारीक खरखर राहतेच.

दुसरा मार्ग कॅसेट अडॅप्टर, आणि तो मला फार देखणा वाटतो. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमध्ये ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने डेकच्या हेडवरून सरकते. फितीवरचं बदलतं चुंबकत्व हेडच्या वेटोळ्यात इवलासा विद्युतदाब निर्माण करतं. अडॅप्टरमध्ये फीतच नसते. तिच्या जागी एक छोटं हेड असतं आणि ते डेकच्या हेडला तोंडाशी तोंड लावून बसतं. फोनमधला सिग्नल त्या हेडच्या वेटोळ्यातून गेला की तसंच बदलतं चुंबकत्व तयार होतं आणि डेकला फीत चालू आहे असंच वाटतं. आतली दातेरी चाकं फक्त डेकची समजूत घालायला फिरतात. नाहीतर फीत संपली समजून तो बाजू बदलत बसेल. दोन हेडांची तोंडं केसभर सरकली तरी वरचे सूर बोथट होतात. तबल्याचा ठेका ऐकू येतो, पण झांजेचा किणकिणाट हरवतो.

उत्तम मार्ग मात्र डेक उघडण्याचाच.

आधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं. मग डेक खाचेतून ओढून मागचे कपलर सोडवायचे. बाहेरून बसवलेल्या डेकच्या वायरिंगमध्ये बहुतेकदा पिवळी वायर बॅटरीवरून थेट येणारी, कायम चालू असणारी, लाल चावी लावल्यावर चालू होणारी आणि काळी बॉडी अर्थची. तरी रंगावर विश्वास न ठेवता मीटर लावून खात्री करावी, कारण आधीच्या मिस्त्रीने हाताशी असेल त्या रंगाची वायर जोडलेली असू शकते. पांढऱ्या, करड्या, हिरव्या, जांभळ्या जोड्या चार स्पीकरच्या. यांपैकी एकही वायर बॉडीला लागू द्यायची नाही. आजच्या डेकमध्ये स्पीकर दोन्ही बाजूंनी ढकललेला असतो, त्याची मायनस वायर म्हणजे अर्थ नसते. ती बॉडीला टेकली की अॅम्प्लिफायरचा आयसी जाऊ शकतो.

झाकण काढल्यावर सिग्नलची वाट शोधायची. साध्या कॅसेट डेकमध्ये ती अशी असते. हेडपासून दोन बारीक शिल्डेड वायरी निघतात आणि एका छोट्या आयसीकडे जातात. एलए ३१६१ हा त्यातला एक नेहमीचा, आठ पायांचा. हेडमधून आलेला मिलिव्होल्टच्याही अंशाइतका सिग्नल तो काही शे मिलिव्होल्टपर्यंत उचलतो. तिथून सिग्नल टेप की रेडिओ हे ठरवणाऱ्या स्विचवरून व्हॉल्यूमच्या पॉटकडे, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरकडे, जातो आणि पॉटच्या मधल्या पायातून उष्णताशोषकाला चिकटलेल्या मोठ्या अॅम्प्लिफायर आयसीकडे. फोनचा सिग्नल घालायची जागा म्हणजे पॉटच्या अलीकडचा टप्पा. हेडच्या आयसीच्या आधी घातला तर तो हजारपट वाढून नुसता गोंगाट होईल. पॉटनंतर घातला तर डेकचं व्हॉल्यूम बटण निकामी. पॉटकडे येणारे डावा आणि उजवा असे दोन्ही मार्ग तोडायचे आणि मध्ये दोन मार्ग एकदम बदलणारा छोटा स्विच बसवायचा. एका बाजूला जुना मार्ग, दुसऱ्या बाजूला फोन. बटण दाबून आवाज कमी-जास्त करणाऱ्या, सीडीच्या काळातल्या डेकमध्ये पॉट नसतो, त्याचं काम एक आयसी करतो. तिथे त्याच आयसीच्या टेप किंवा सीडीच्या इनपुटला फोन जोडावा लागतो आणि डेकला तो मार्ग चालू असल्याचं भासवावं लागतं. पहिल्या प्रयोगाला पॉटवाला डेकच घ्यावा.

फोनचा सिग्नल सरळ जोडून चालत नाही. फोन एक व्होल्टच्या आसपास देऊ शकतो, डेकला त्याचा तिसरा हिस्सा पुरे. म्हणून प्रत्येक चॅनेलमध्ये दहा किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि ४.७ किलोओहमचा अर्थला. सिग्नल एक तृतीयांशाच्या जरा खाली येतो. मग एक कपॅसिटर, जो डेकमधला स्थिर डीसी दाब फोनकडे जाऊ देत नाही आणि गाणं मात्र जाऊ देतो. किती मायक्रोफॅरड घ्यायचा? समोर दहा किलोओहम असतील तर १ मायक्रोफॅरड साधारण १६ हर्ट्झच्या खालचं अडवतो. माणसाचा कान २० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे १ मायक्रोफॅरडही चालेल. मी ४.७ सुचवतो, कारण सर्वांत खालच्या सुरांनाही मग आखडावं लागत नाही आणि किमतीत फरक पडत नाही.

ब्लूटूथ हवं असेल तर त्याचं तयार मॉड्यूल मिळतं. ते २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १६०० वेळा उड्या मारत फोनशी बोलतं. आपल्याला फक्त त्याला पाच व्होल्ट द्यायचे आणि त्याचा आवाज घ्यायचा. पण काही मॉड्यूलच्या हेडफोनची सामाईक वायर म्हणजे अर्थ नसते, तिच्यावर दीड-दोन व्होल्ट बसलेले असतात. मीटरने मोजल्याशिवाय ती अर्थला जोडू नये.

गाडीतली वीज घरातल्या चार्जरसारखी सभ्य नसते. चावी फिरवून स्टार्टर लागला की बारा व्होल्टचे नऊ किंवा त्याहून कमी होतात. इंजिन चालू असताना चौदाच्या वर जातात. अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना बॅटरीचं टर्मिनल निखळलं, तर क्षणभर शंभर व्होल्टपर्यंतचा झटका येऊ शकतो. म्हणून हे मॉड्यूल ज्यात बसवायचं त्या आपल्या खोक्यात सर्वांत आधी १ अँपिअरचा फ्यूज, मग उलट जोडणी झाली तर अडवणारा १एन४००७ डायोड, मग झटका गिळणारा टीव्हीएस डायोड आणि ३५ व्होल्टचा मोठा कपॅसिटर. त्यानंतर पाच व्होल्ट करायचे. इथे बहुतेक मुलं एलएम २५९६ चं तयार बोर्ड घेतात, कारण ते गरम होत नाही. मी नुसत्या ब्लूटूथसाठी जुना ७८०५ रेग्युलेटर घेईन. मॉड्यूलने १०० मिलिअँपिअर घेतले तरी त्यात (१४.४ वजा ५) ९.४ व्होल्ट गुणिले ०.१, म्हणजे एक वॅटपेक्षा कमी उष्णता होते. ती एका छोट्या पत्र्यावर निभावते, आणि २५९६ सारखा ७८०५ स्वतः खरखर पसरवत नाही. फोन चार्ज करायला एक अँपिअर हवा असेल तर मात्र हाच हिशोब ९.४ वॅटवर जातो आणि तिथे २५९६ शिवाय पर्याय नाही.

खोकं चावीच्या लाल वायरवर जोडायचं, पिवळीवर नाही. ५० मिलिअँपिअर दिसायला किरकोळ, पण छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी त्यावर ७०० तासांत रिकामी होते. लग्नसराईत गाडी दारात सोडून मुंबईला गेलं आणि महिन्याने परत आलं की गाडी ढकलावी लागेल.

सगळं जोडलं, गाणं सुरू झालं, आवाज सुरेख. मग इंजिन चालू केलं, आणि गाण्याच्या पाठीमागे एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. ज्याने गाडीत काही जोडलं आहे त्याला ही शिट्टी ओळखीची असते, आणि माझ्या मते या छंदातली सर्वांत मोलाची शिकवण तिच्यातच आहे.

अल्टरनेटर तीन फेजची एसी वीज बनवतो आणि सहा डायोड तिचं डीसी करतात. ते डीसी सपाट नसतं, त्याला बारीक लहरी असतात. बारा ध्रुवांच्या अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात अशा ३६ लहरी येतात. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आणि अल्टरनेटरची पुली अडीचपट वेगाने फिरते असं धरा. अल्टरनेटरचे मिनिटाला २००० फेरे, म्हणजे सेकंदाला ३३, आणि लहरी सेकंदाला १२००. इंजिन ३००० वर नेलं की त्याच लहरी ४५०० होतात. १२०० ते ४५०० हर्ट्झ हा नेमका तो पट्टा आहे, ज्यात माणसाचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो. म्हणून लहर क्षीण असली तरी ती ऐकू येतेच.

पण ती गाण्यात शिरली कुठून? इथे बहुतेकजण महागडी शिल्डेड वायर आणतात, फिल्टर आणतात, आणि शिट्टी तशीच राहते. खरी वाट अर्थमधून असते. गाडीत प्रत्येक वस्तूचं निगेटिव्ह बॉडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं आणि आपण समजतो की पत्रा सगळीकडे शून्य व्होल्टवर आहे. तो तसा नसतो. पत्र्याच्या जोडांत, गंजक्या स्क्रूखाली, ओहमच्या शंभराव्या हिश्श्याएवढा विरोध असतोच. त्यातून एक अँपिअरची लहर गेली तरी दोन टोकांत १० मिलिव्होल्टचा फरक पडतो. आपलं खोकं एका टोकाला अर्थ केलेलं, डेक दुसऱ्या टोकाला. दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ वायरच्या जाळीतून तो फरक सिग्नलमध्ये मिसळतो. सिग्नल ३०० मिलिव्होल्टचा, त्यात १० मिलिव्होल्टची शिट्टी. जोरकस गाण्यात ती झाकली जाते, एखाद्या भजनाच्या सुरुवातीला नुसता तंबोरा असताना ती नागडी होते.

कारण पकडायला एक साधी परीक्षा आहे. फोन पिनेने डेकला जोडलेला असेल आणि गाडीच्या चार्जरवरही असेल, तर चार्जर काढा. शिट्टी थांबली, तर वाट चार्जरच्या अर्थमधून होती. फोन स्वतःच्या बॅटरीवर असताना ते वर्तुळच पूर्ण होत नाही. ब्लूटूथच्या खोक्याला हाच न्याय. त्याला आणि डेकला अर्थ एकाच ठिकाणी द्या, म्हणजे फरक पडायला दोन टोकं उरतच नाहीत. एवढ्यानेही टिक-टिक किंवा गुणगुण राहिली, तर मॉड्यूलला पाच व्होल्ट अलग करून द्यावे लागतात. बी०५०५एस नावाचा एक वॅटचा चिमुकला कन्व्हर्टर मिळतो, ज्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज एकमेकींना स्पर्श करत नाही. २०० मिलिअँपिअर तो सहज देतो. ऑडिओ वायरमध्ये १:१ चे छोटे ट्रान्सफॉर्मर बसवूनही शिट्टी जाते, पण स्वस्त ट्रान्सफॉर्मरच्या इवल्या गाभ्यात खालचे सूर मावत नाहीत आणि ढोलकीचा घुमारा हरवतो. म्हणून मी ट्रान्सफॉर्मर शेवटी धरतो.

जोडकामाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. बोर्डावर डाग द्यायला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर आणि रोझिन एवढं पुरतं. गाडीच्या वायरिंगमध्ये मात्र डाग देण्यापेक्षा दाबून बसवलेले लग टिकतात. सोल्डर वायरच्या तारांमध्ये चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वायर त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. चिकटपट्टीचंही तसंच. उन्हात बंद गाडीत तिचा गोंद पाघळतो, त्यापेक्षा उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घालावी. आणि खोक्यात लिथियमचा सेल ठेवू नये, डॅशबोर्डची उष्णता त्याच्यासाठी नाही. नव्या गाड्यांत पिवळ्या कपलरना हातही लावायचा नाही, ते एअरबॅगचे असतात. तिथे मूळ वायर कापण्यापेक्षा दोन्ही टोकांना कपलर असलेली तयार हार्नेस मध्ये घालावी, म्हणजे गाडी केव्हाही मूळ रूपात आणता येते.

कोल्हापूरला हे सगळं परकं नाही. बाबूराव पेंटर यांनी १९१८ साली इथेच चित्रपटाचा कॅमेरा आपल्या हातांनी तयार केला आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ आला. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर आजही नमुना बघून सुटा भाग बनवून देणारे कारागीर आहेत, आणि कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये हाताने काम शिकणारी मुलं रोज येतात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने, जो डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली सुरू केला, २००२ मध्ये फॅब लॅब, म्हणजे वस्तू बनवून पाहण्याची कार्यशाळा, उभी केली. अमेरिकेबाहेरची ती पहिली. ग्रामीण मुलाच्या हाती अवजार दिलं की तो शास्त्र स्वतः शोधतो, यावर कलबागांचा सगळा भर होता. तशी एक खोली, चार सोल्डरिंग आयर्न, दोन मीटर आणि भंगारातले पाच-सहा डेक एवढं कळंब्यासारख्या प्रत्येक उपनगरात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खोकं बसवून झालं की ते रात्री तपासावं, कारण रात्री गाडीवर विजेचा पूर्ण भार टाकता येतो. गाणं अगदी हळू ठेवून इंजिन चालू करा. मग एकेक करून हेडलाइट, वायपर, पंखा लावा, हॉर्न वाजवा. प्रत्येक वेळी कान द्या. नुसत्या इंजिनवर शांत असलेलं खोकं हेडलाइट लावताच शिट्टी घालायला लागलं, तर समजावं की त्याचा अर्थ आणि हेडलाइटचा अर्थ एकाच स्क्रूवर आहेत. खोक्याचा अर्थ तिथून सोडवून डेकच्या मागच्या स्क्रूवर न्यायचा, स्क्रूखालचा रंग आणि गंज खरवडून काढायचा आणि पुन्हा घट्ट आवळायचा.